रुग्णशय्येजवळची भाषा
मेंदूच्या तीव्र विकारांच्या शुश्रूषेत बोलणे, ऐकणे व नोंदणे

रुग्णाची नाडी, श्वास, तापमान व रक्तदाब या चार गोष्टींची नोंद शुश्रूषेत नियमाने होते. मेंदूच्या विकाराने आजारी असलेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी लागते, आणि ती म्हणजे त्याचे बोलणे. पहिल्या चार गोष्टींसाठी उपकरणे आहेत. पाचवीसाठी मात्र परिचारिकेचा कान हेच उपकरण असते, आणि त्या कानाला काय ऐकावयाचे हे शिकविण्याची सोय अभ्यासक्रमात फारशी आढळत नाही. हा विषय वैद्यकाचा. त्यात भाषाशास्त्राच्या अध्यापकाने का पडावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका अनुभवात आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाचे एक वृद्ध आप्त सकाळी उठले ते विचित्र बोलतच उठले. हातपाय चालत होते, चेहरा सरळ होता, बोलण्याचा वेग व चाल नेहमीचीच होती. परंतु अर्थ लागत नव्हता. पाणी हवे का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “ती काटरी तेवढी आत नेऊन ठेवली की झालं.” घरातील मंडळींनी वात झाला असे ठरविले. दुपारी त्यांना रुग्णालयात नेले. तेथील कागदावर ‘असंबद्ध बडबड’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहिले गेले आणि वार्धक्यातील संभ्रम म्हणून उपचार सुरू झाले. दुसऱ्या दिवशी मेंदूचे चित्रण झाले, तेव्हा डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचे दिसून आले. गुठळी विरघळविणारे औषध देण्याची वेळ तोवर टळून गेली होती. हा दोष एकट्या रुग्णालयाचा नव्हे. भाषाशास्त्र शिकविणारा मनुष्य त्या सकाळी शेजारी बसून ते वाक्य ऐकत होता आणि त्यालाही ते ओळखता आले नाही.

वस्तुतः ते वाक्य स्वतःचे निदान स्वतःच सांगत होते. ‘काटरी’ हा शब्द मराठीत नाही. परंतु तो स्त्रीलिंगी धरला गेला आहे, त्याच्याआधी ‘ती’ आले आहे आणि क्रियापद ‘ठेवली’ असे त्याच्याशी जुळले आहे. म्हणजे व्याकरणाची चौकट शाबूत आहे, आणि तिच्यात बसवावयाचे शब्द मात्र हाती लागत नाहीत. तापात किंवा संभ्रमात बरळणाऱ्या माणसाचे शब्द बहुधा खरे असतात. त्याचे स्थळकाळाचे भान सुटलेले असते आणि लक्ष ठरत नसते. नवे शब्द घडवून त्यांना बिनचूक प्रत्यय लावणारा रुग्ण सामान्यतः निराळ्या वर्गातला असतो. हा भेद बोलण्याच्या रूपात दिसतो. ‘असंबद्ध बडबड’ या दोन शब्दांत मात्र तो पुसला जातो. या लेखाचे प्रतिपाद्य इतकेच आहे : मेंदूच्या रुग्णाचे बोलणे हे त्याच्या प्रकृतीचे चिन्ह आहे, म्हणून ते ऐकताना त्याचे रूप पाहावे आणि नोंदताना रुग्णाचे शब्द लिहावे, आपला अभिप्राय त्यांच्या जागी लिहू नये.

१. तीन निराळ्या गोष्टी

रुग्ण नीट बोलत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा तीन निराळ्या गोष्टींपैकी एक किंवा अधिक बिघडलेल्या असतात. पहिली गोष्ट शुद्ध किंवा भान. दुसरी भाषा, म्हणजे शब्द शोधणे, त्यांची जुळणी करणे आणि ऐकलेल्याचा अर्थ लावणे. तिसरी उच्चार, म्हणजे जीभ, ओठ, टाळू व कंठ यांच्या स्नायूंचे काम. तिसरी बिघडली म्हणजे जीभ जड होते, बोबडी वळते. परंतु तोच रुग्ण लिहून दाखवू शकतो, कारण भाषा जागच्या जागी असते. दुसरी बिघडली म्हणजे वाचाघात होतो. डॉक्टर त्यास अफेजिया म्हणतात. अशा रुग्णाच्या हाती कागद देऊन बहुधा उपयोग होत नाही, कारण जो शब्द तोंडी येत नाही तो लेखणीतही येत नाही.

वाचाघाताच्या अभ्यासाचा आरंभ पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातील एका रुग्णापासून मानतात. लबोर्न्य नावाच्या या माणसाला सुमारे एकवीस वर्षे ‘तां’ या एका अक्षरापलीकडे बहुधा काही बोलता येत नसे. १८६१ साली तो मरण पावला, आणि पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासून डाव्या गोलार्धाच्या पुढील भागातील विकृती दाखवून दिली. वैद्यकाच्या इतिहासात ही घटना मेंदूच्या स्थानविचारासाठी प्रसिद्ध आहे. शुश्रूषेच्या दृष्टीने ब्रोका यांच्या वृत्तान्तातील दुसरे तपशील अधिक मोलाचे वाटतात. येथे किती वर्षे आहात, असे विचारल्यावर त्या रुग्णाने हाताची पाच बोटे चार वेळा उघडून दाखविली व शेवटी एक बोट दाखविले. म्हणजे त्याला प्रश्नही समजला होता आणि हिशेबही. इतर रुग्णांना मात्र तो तापट व दुष्ट वाटे. आपले हातवारे समोरच्याला कळत नाहीत असे पाहून तो चिडे, आणि चिडला म्हणजे त्याच्या तोंडून एक शिवी स्पष्टपणे बाहेर पडे.

ती शिवी कशी बाहेर पडली याचा उलगडा इंग्रज वैद्य ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी पुढे केला. आशय मनात ठरवून केलेले बोलणे आणि आपोआप होणारे बोलणे या दोन भिन्न पातळ्या आहेत, असे त्यांनी प्रतिपादिले. पहिली कोसळली तरी दुसरी टिकून राहू शकते. आपल्याकडे याचा प्रत्यय अनेकदा येतो. ज्या आजींना ‘पाणी’ हा शब्द आठवत नाही त्या आरती अखेरपर्यंत म्हणतात, एकपासून दहापर्यंत अंक मोजतात, वार ओळीने सांगतात. नातेवाईक म्हणतात, बोलता येते, पण हट्टाने बोलत नाहीत. परिचारिकेने येथे फसू नये. आरती म्हणता आली म्हणून मागणे सांगता येईलच असे नाही, आणि मागणे सांगता येत नाही म्हणून समजतही नाही, असेही नाही.

ब्रोका यांनी वर्णिलेल्या प्रकारात बोलणे अडखळत, तुटक येते. ‘मुलगा काल गावाहून आला’ असे सांगावयाचे असता ‘मुलगा... काल... गाव... येणे’ असे काहीसे ऐकू येते. मराठीसारख्या प्रत्ययबहुल भाषेत हा तुटकपणा लक्षात येण्यास सोपा असतो, कारण सामान्यरूप, विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदाचे लिंगवचन ही सर्वच डळमळू लागतात. १८७४ साली ब्रेस्लाऊ येथील कार्ल व्हेर्निके यांनी दुसरा प्रकार वर्णिला. त्यात बोलणे अस्खलित असते. परंतु ते शब्दाऐवजी भलताच शब्द, एका वर्णाऐवजी दुसरा वर्ण, किंवा अजिबात नसलेला शब्द यांनी भरलेले असते. या रुग्णास इतरांचे बोलणे नीट समजत नाही, आणि आपण चुकीचे बोलतो आहोत हेही पुष्कळदा उमगत नाही. पहिल्या प्रकारचा रुग्ण आजारी आहे हे कोणासही कळते. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला लोक वेडा ठरवितात, किंवा वात झाला म्हणतात. उपरोक्त ‘काटरी’चे वाक्य या दुसऱ्या प्रकारचे होते.

२. मोजपट्टी आणि तिच्यातील भाषा

बेशुद्धीची खोली मोजण्यासाठी १९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी एक श्रेणी प्रसिद्ध केली. डॉक्टर व परिचारिका या दोघांनाही खाटेजवळ सारखीच वापरता यावी अशी तिची रचना आहे. डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच आणि हालचालीला सहा, असे एकूण पंधरा गुण. आणि कमीत कमी तीन. बोलण्याच्या पाच पायऱ्या अशा : स्थळकाळाचे भान असलेले बोलणे, गोंधळलेले बोलणे, सुटे शब्द, नुसते आवाज, आणि काहीच नाही. आता वाचाघाताचा रुग्ण पूर्ण शुद्धीवर असूनही या शिडीच्या खालच्या पायरीवर दिसतो. नळी घातलेला रुग्णही तसाच. म्हणून केवळ बेरीज लिहिणे हे अर्धे सत्य लिहिण्यासारखे आहे. तिन्ही गुण वेगळे लिहावेत, आणि जो तपासणे शक्य नाही तेथे तसे स्पष्ट लिहावे. २०१४ साली या श्रेणीची जी सुधारित मांडणी झाली तिच्यातही हाच संकेत स्वीकारलेला आहे.

पक्षाघातासाठी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेची श्रेणी जगभर वापरली जाते. तिचे कमाल गुण बेचाळीस. त्यांपैकी सात गुण थेट भाषेवर अवलंबून आहेत, आणि एका बाजूचे भान नाहीसे होण्याला दोनच आहेत. याचा परिणाम असा की डाव्या गोलार्धाचा विकार या मोजपट्टीवर मोठा दिसतो व उजव्या गोलार्धाचा लहान. उजव्या गोलार्धाच्या विकाराचा रुग्ण व्यवस्थित बोलतो. परंतु ताटातील डाव्या बाजूचा भात त्याला दिसत नाही, आणि आपला डावा हात लुळा आहे हेही तो पुष्कळदा मान्य करीत नाही. या अजाणतेपणाचे वर्णन बाबिन्स्की यांनी १९१४ साली केले. असा रुग्ण मी ठीक आहे म्हणतो, उठू पाहतो आणि पडतो. बोलणे बिघडलेले असता फसगत होते तशीच ती बोलणे चांगले असतानाही होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

याच श्रेणीत रुग्णास दोन प्रश्न विचारतात : महिना कोणता, आणि वय किती. उत्तर जवळपास आले तरी चालत नाही. ते बरोबरच असावे लागते. परंतु ज्येष्ठातील एखाद्या आजीने ‘ज्येष्ठ’ असे उत्तर दिले तर ते चूक कसे म्हणावे? त्यांची कालगणना पंचांगाची आहे. जून हा शब्द त्यांच्या तोंडी नसेल. वयाचेही तसेच, जन्मतारीख ज्यांच्या घरी कधी लिहिली गेली नाही त्यांना ती आजारामुळे विसरली असे म्हणता येणार नाही. नावाची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे आडनावच नव्हे, तर पुष्कळ घरांत पहिले नावही बदलत असे. नाव विचारल्यावर एखाद्या वृद्धेने माहेरचे नाव सांगितले आणि कागदावर सासरचे असले, तर तिला गोंधळलेली ठरविण्यापूर्वी मुलाला किंवा भावाला विचारावे. उलट, जी स्त्री काल सासरचे नाव सांगत होती ती आज माहेरचे सांगू लागली, तर तो बदल मात्र नोंदण्याजोगा आहे. एका उत्तराला स्वतःचे मूल्य थोडे. त्याची तुलना रुग्णाच्याच आदल्या उत्तराशी केली म्हणजे ते बोलके होते.

दुसरी गोष्ट भाषेच्या निवडीची. महाराष्ट्रातील रुग्णालयांत केरळातून आलेल्या परिचारिकांची मोठी परंपरा आहे, आणि खाटेवर मराठी, कोकणी, अहिराणी, भिली किंवा गोंडी बोलणारा रुग्ण असतो. संभाषण बहुधा हिंदीत होते. अनेक भाषा जाणणाऱ्या माणसास वाचाघात झाला तर कोणती भाषा आधी परतते, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन मते मांडली गेली. रिबो यांच्या मते सर्वांत जुनी. पित्र यांच्या मते आजारापूर्वी सर्वांत परिचयाची. पुढील निरीक्षणांनी यांपैकी कोणताही नियम सार्वत्रिक ठरविला नाही. बहुतेकांच्या भाषा बरोबरीने सुधारतात, काहींच्या सुधारत नाहीत. व्यवहारापुरता निष्कर्ष असा की हिंदीत न उमटलेले उत्तर हे उत्तर नाही असे समजू नये. घरच्या भाषेत घरच्या माणसाकडून एकदा विचारून घ्यावे आणि कोणत्या भाषेत विचारले हेही लिहावे.

३. प्रश्न कसा विचारावा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शुश्रूषेवरील प्रसिद्ध पुस्तकात निरीक्षणावर एक प्रकरण आहे. उत्तर सुचविणारे प्रश्न निरुपयोगी असतात असे त्यात त्यांनी बजावले आहे. रात्र चांगली गेली का, असे विचारण्यापेक्षा किती तास व केव्हा झोप लागली असे विचारावे, हा त्यांचा आग्रह. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा विचार भाषाशास्त्रज्ञाला आजही मान्य होण्यासारखा आहे. कारण प्रश्नाच्या रचनेतच उत्तराचा कल दडलेला असतो.

मराठीत तर हा धोका विशेष आहे. ‘दुखत नाही ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले तरी अर्थ दुखत नाही असा होऊ शकतो, आणि ‘नाही’ म्हटले तरी तोच. वाचाघाताचा रुग्ण होकार व नकार यांची अदलाबदल करीत असला तर अशा उत्तरातून काहीच हाती लागत नाही. त्यात आपली आडवी मान हलविण्याची लकब आणखी भर घालते. म्हणून प्रश्न होकारार्थी व आखूड असावा : ‘दुखतं?’ मग काही वेळाने उलट बाजूने विचारावे : ‘बरं वाटतं?’ दोन्ही प्रश्नांना होकार आला तर त्या होकारावर विसंबू नये. डोळे मिटणे किंवा हात दाबणे अशी एकच खूण ठरवून ती खाटेवर लिहून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या पाळीची परिचारिका निराळी खूण शोधीत बसणार नाही.

सर्वांत महागात पडणारा प्रश्न वेळेचा. मेंदूची रक्तवाहिनी बंद झाल्यावर सामान्यतः दर मिनिटाला सुमारे एकोणीस लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा उपयोग तीन तासांच्या आत होतो हे १९९५ साली सिद्ध झाले. ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेता येते हे २००८ साली. मोठ्या वाहिनीतील गुठळी यंत्राने ओढून काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत करता येतो. हे सर्व तास कोणत्या क्षणापासून मोजावयाचे? रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून. परंतु ‘कधी झालं?’ असे विचारले तर नातेवाईक सांगतात, ‘सकाळी सहाला.’ ती वेळ झाल्याची नसून पाहिल्याची असते. मराठीतील ‘झालं’ हे क्रियापद या दोन्ही गोष्टी एकाच पोटात घेते. म्हणून प्रश्न असा असावा : ‘शेवटचं नीट बोलताना, चालताना त्यांना कोणी पाहिलं, आणि तेव्हा किती वाजले होते?’ घड्याळ आठवत नसेल तर नळाला पाणी आले होते का, गाडी गेली होती का, दिवा कोणी मालवला, असे विचारता येते.

रुग्णाचे व नातेवाइकांचे शब्दही तपासून घ्यावे लागतात. ‘चक्कर’ या एका शब्दात भोवतालचे गरगर फिरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना तोल जाणे आणि नुसता अशक्तपणा एवढे चार अनुभव सामावतात, आणि त्यांची कारणे अगदी भिन्न असतात. ‘अंगावरून वारं गेलं’ असे ग्रामीण भागातील नातेवाईक म्हणतात तेव्हा त्यांना अर्धांगवायू म्हणावयाचे असते. ज्या परिचारिकेला ही म्हण ठाऊक नाही तिच्या कागदावर हवेचा किंवा सर्दीचा उल्लेख येईल. ‘वाचा बसली’ याचा अर्थ उच्चार गेला, भाषा गेली की शुद्ध गेली, हे विचारल्यावाचून कळत नाही. ‘बेशुद्ध’ हा शब्द तर डोळे मिटून पडण्यापासून उत्तर न देण्यापर्यंत कशालाही लावतात. अशा वेळी शब्द बदलून घेण्याची घाई न करता विचारावे : ‘म्हणजे नेमकं काय दिसलं?’

४. सूचना, घास आणि संबोधन

ज्याचे आकलन अंशतः शाबूत आहे असा रुग्ण पुष्कळदा मुख्य शब्द पकडतो आणि ते ज्या क्रमाने आले त्या क्रमाने कृती करतो. प्रत्यय व अव्यये त्याच्या हातून निसटतात. ‘जेवण्यापूर्वी ही गोळी घ्या’ हे वाक्य सरळ दिसते. परंतु त्यात जेवण आधी आले आहे व गोळी नंतर. ‘पूर्वी’ हे एक अव्यय निसटले की सूचना उलटी होते. त्याऐवजी ‘आधी गोळी. मग जेवण’ असे म्हणून दोन्ही वस्तू त्याच क्रमाने दाखवाव्यात. एका वाक्यात एकच क्रिया असावी. बोलून झाल्यावर थांबावे. उत्तरास लागणारा वेळ रुग्णाला मिळण्यापूर्वीच आपण प्रश्न बदलून पुन्हा विचारतो, आणि त्याला पहिल्या प्रश्नाचे काम टाकून दुसरे सुरू करावे लागते. मोठ्याने ओरडण्याचा उपयोग नाही. दोष कानाचा नसतो.

उच्चार आणि गिळणे यांचे स्नायू पुष्कळसे तेच आहेत. म्हणून ज्याची जीभ जड झाली त्याला गिळता येईल असे गृहीत धरू नये. आपल्याकडे आजारी माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी किंवा चहा घालण्याची माया फार. तीच त्याच्या श्वासनलिकेत उतरून न्यूमोनियाचे कारण होते. घोट घेतल्यावर आवाज ओला, घरघरता झाला तर तो धोक्याचा इशारा होय. तो ऐकण्यासाठी रुग्णाला घोटानंतर एखादा दीर्घ स्वर म्हणावयास सांगावे. शुश्रूषेच्या या साध्या शिस्तीचे फळ किती मोठे असते हे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स येथे १९ पक्षाघात विभागांत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. ताप, रक्तातील साखर व गिळणे या तीनच गोष्टींवर पहिले तीन दिवस परिचारिकांनी ठरीव पद्धतीने लक्ष ठेवले. नव्वद दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या शुश्रूषेत शेकडा ५८ होते. या पद्धतीने ते ४२ वर आले. त्यासाठी नवे औषध लागले नव्हते.

संबोधनाचा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. ज्यांची वाचा गेली त्यांच्याशी आपण नकळत बालभाषेत बोलू लागतो, किंवा त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तृतीयपुरुषी बोलतो : ‘यांना काही कळत नाही.’ ज्याला कळते त्याच्या मनावर या वाक्याचा काय परिणाम होत असेल याची कल्पना करावी. आजी, काका, बाबा ही संबोधने आपल्या रीतीस धरून आहेत व ती जवळीक देतात. परंतु जन्मभर ज्यांना ‘सर’ किंवा ‘बाई’ म्हणून हाक आली त्यांना तीच हाक ओळखीची असते आणि पुष्कळदा तिनेच डोळे उघडतात. कोणत्या नावाने हाक मारीत, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवावे. सर्वनाम मात्र ‘तुम्ही’ असावे. वाचा गेली म्हणून वय जात नाही.

५. वाचाही नाही आणि हातही नाही

मेंदूच्या देठाला इजा झाली असता एक विलक्षण अवस्था कधी कधी उद्भवते. रुग्ण पूर्ण जागा असतो, त्याला सर्व ऐकू येते व समजते. परंतु डोळे वरखाली करणे व पापण्या मिटणे यापलीकडे काहीच करता येत नाही. प्लम व पोस्नर यांनी १९६६ साली या अवस्थेला कोंडून पडल्याच्या अर्थाचे नाव दिले. कोणताही निश्चल रुग्ण बेशुद्ध आहे असे ठरविण्यापूर्वी ‘वर पाहा, खाली पाहा’ असे सांगून पाहणे हे म्हणून आवश्यक कर्तव्य आहे. फ्रेंच संपादक झां-दोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये अशी अवस्था आली. समोरची व्यक्ती फ्रेंच मुळाक्षरे वापराच्या क्रमाने म्हणे, आणि हवे ते अक्षर येताच ते डावी पापणी मिटीत. या रीतीने त्यांनी एक संपूर्ण पुस्तक सांगितले. ते १९९७ साली प्रसिद्ध झाले.

मराठीत असे काम करण्यास आपल्या वर्णमालेची मांडणीच उपयोगी पडते. तिचे पंचवीस स्पर्शवर्ण उच्चारस्थानानुसार पाच ओळींत व पाच रकान्यांत बसविलेले आहेत. कागदावर हा चौकोन काढून प्रथम ओळी विचाराव्यात : क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग? पापणी मिटली की त्या ओळीतील अक्षरे एकेक म्हणावीत. ‘म’ हा पंचविसावा वर्ण ओळीने म्हणत गेल्यास पंचवीस प्रश्न लागतील. चौकोनात जास्तीत जास्त दहा. य, र, ल, व आणि श, ष, स, ह, ळ यांच्या दोन ओळी खाली जोडाव्यात. स्वरांच्या मात्रा बहुधा सोडून द्याव्यात. ‘डक दखत’ एवढे मिळाले की डोके दुखते हे कोणीही वाचील. ‘कस’ मिळाले तर कूस की केस, हे एका प्रश्नाने निश्चित होते. शाळेत पाठ केलेली ही मांडणी वृद्धांच्या स्मरणात खोल रुजलेली असते. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी पाणी, लघवी, दुखणे, कूस, थंडी, घरचे माणूस अशा सहासात चित्रांचा कागद पुरतो. एवढे लक्षात ठेवावे की ही युक्ती भाषा शाबूत असलेल्यांसाठी आहे. वाचाघातात तिचा उपयोग थोडा.

६. नोंद

गुठळी विरघळविणारे औषध दिल्यानंतर मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असते. म्हणून रुग्णाची तपासणी पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढील सहा तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर चोवीस तास पुरे होईपर्यंत दर तासाने करतात. हिशेब केला तर एका दिवसात छत्तीस भेटी होतात. डॉक्टर त्या दिवसात रुग्णास दोन-चारदा पाहतो. परिचारिका छत्तीस वेळा त्याच्याशी बोलते. बोलण्यातील बदल प्रथम ऐकण्याची संधी तिलाच मिळते. तो बदल दुसऱ्या पाळीपर्यंत पोचावा, तर तो लिहिलेला असला पाहिजे, आणि ताडून पाहता येईल अशा रूपात लिहिलेला असला पाहिजे.

आपल्या रुग्णालयांतील नोंदी बहुधा इंग्रजीत होतात. त्याला व्यावहारिक कारणे आहेत आणि ती मोडून काढण्याचा येथे हेतू नाही. परंतु भाषांतरात सर्वांत आधी नष्ट होते ते बोलण्याचे रूप. ‘चमचा’ म्हणावयाचे असता एकाने ‘वाटी’ म्हटले, दुसऱ्याने ‘टमचा’ म्हटले, तिसऱ्याने ‘ते आपलं जेवायचं’ म्हटले आणि चौथा नुसता पाहत राहिला. इंग्रजी नोंदीत चौघांपुढेही ‘नाव सांगता येत नाही’ एवढेच येईल. प्रत्यक्षात या चार निराळ्या खुणा आहेत. म्हणून एक अल्पखर्चाची सूचना अशी करावीशी वाटते की नोंदपत्रात एक ओळ मोकळी ठेवावी आणि तीत रुग्णाने उच्चारलेले एक वाक्य, जसेच्या तसे, देवनागरीत लिहावे. त्याच्यापुढे कोणता प्रश्न विचारला व कोणत्या भाषेत, हे लिहावे. प्रत्येक पाळीत तेच तीन प्रश्न व त्याच तीन वस्तू असाव्यात. घड्याळ, किल्ली, चमचा या घरोघरी असतातच. मराठी लिहिता येत नसेल तर जवळच्या नातेवाइकाकडून ती ओळ लिहवून घ्यावी. अर्थ लागत नसला तरी लिहावे. किंबहुना अर्थ लागत नसेल तेव्हा अवश्य लिहावे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही येथे करण्यासारखे काम आहे. रोमान याकोबसन यांनी १९४१ साली वाचाघाताचा विचार बालभाषेशी जोडून मांडला आणि १९५६ साली त्याचे दोन मूलभूत प्रकार भाषेच्या दोन व्यापारांशी जुळविले. ते विवेचन आपण वर्गात शिकवितो. परंतु मराठीची त्रिविध लिंगव्यवस्था, सामान्यरूपे आणि ‘ने’ प्रत्ययाचा प्रयोग या गोष्टी वाचाघातात कशा ढासळतात, हे पाहण्यासाठी वर्गाबाहेर पडून खाटेजवळ बसावे लागेल, आणि तेही परिचारिकेच्या अनुज्ञेने व तिच्या कामात अडथळा न आणता. तिने लिहून ठेवलेली ती एक ओळ आपल्याला अभ्याससामग्री म्हणून उपयोगी पडेल, हे खरे. परंतु तिचा पहिला हक्कदार रुग्ण आहे. ‘काटरी’चे वाक्य त्या दुपारी कोणी जसेच्या तसे लिहिले असते, तर ते वाचणाऱ्या एखाद्या डॉक्टराला त्यातील स्त्रीलिंगी क्रियापद कदाचित दिसलेही नसते, परंतु असा शब्द मराठीत नाही, एवढे तरी दिसले असते, आणि एक प्रश्न वेळेवर विचारला गेला असता.